अझेलियाच्या टेकडीवरून थोडं खाली उतरू या: मंडळातल्या बागप्रेमींना खुले पत्र

मंडळाची कार्यकारिणी आणि मेरीलँड-व्हर्जिनियात घरामागे बाग करणारे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आपल्या रोपांच्या देवाणघेवाणीत तुळशीची रोपं, कढीपत्त्याच्या कुंड्या, अळकुड्या आणि मोगऱ्याची कलमं यांच्या शेजारी एक झुडूप कचऱ्याच्या काळ्या पिशवीत ठेवलेलं होतं. कमरेएवढं उंच, पानं अजून पुरती उघडलेली नाहीत आणि फांद्यांच्या टोकांना फिकट गुलाबी फुलांचे झुबके. फुलाची नळी गुलबक्षीसारखी बारीक आणि पाच पुंकेसर पाकळ्यांच्या कितीतरी बाहेर आलेले. "आमच्या मागच्या रानात आहेत, एक उपटून आणलं," असं आणणाऱ्यांनी कौतुकानं सांगितलं. कुणालाच नाव ठाऊक नव्हतं. ते झुडूप मी घरी नेलं, सावलीत लावलं, पाणी घातलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते वाळून गेलं.

आणणाऱ्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकले, या परिसरात चोवीस वर्षं राहते, आणि ते झुडूप कोणतं हे मला घरी जाऊन शोधावं लागलं. ते होतं पिंक्स्टर अझेलिया, शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन पेरिक्लिमेनॉइडिस. मेरीलँडच्या जंगलातलं अस्सल स्थानिक झाड. आपण इथे आलो त्याच्या हजारो वर्षं आधीपासून ते इथल्या ओढ्याकाठी, ओकच्या सावलीत फुलतं आहे. चोवीस वर्षांत मी त्याच्या बाजूने शेकडो वेळा चालत गेले असेन. ते शोधता शोधता मला एका माणसाची ओळख झाली. त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय माझी विनंती तुम्हाला नीट समजणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

त्या माणसाचं नाव हेन्री स्किनर. जन्म 1907, इंग्लंडमधला. बागकामाचं शिक्षण तिकडेच घेतलेलं. तरुणपणी अमेरिकेत आला, कॉर्नेल विद्यापीठात शिकला, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या मॉरिस अर्बोरेटममध्ये, म्हणजे झाडांच्या संग्रहबागेत, संग्रहाची जबाबदारी त्याच्याकडे आली. म्हणजे तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. लहानपणी पाहिलेली फुलं वेगळी, ऋतूंचा हिशेब वेगळा. आणि याच माणसानं 1951 साली गाडी काढून पूर्व अमेरिकेतल्या रानटी अझेलियांच्या मागे पंचवीस हजार मैल प्रवास केला. पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारायची तर साधारण तेवढंच अंतर पडतं. त्यानं ते फ्लोरिडापासून वर उत्तरेपर्यंतच्या दलदली, ओढे, खिंडी आणि डोंगरमाथे धुंडाळत कापलं.

एवढं फिरायची गरज काय होती, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर अझेलियाच्या स्वभावात आहे. या झाडाचं फूल दाबून वाळवलं की तपकिरी होतं. केशरी कोणतं आणि गुलाबी कोणतं हे वाळलेल्या नमुन्यावरून कळत नाही. वास तर उरतच नाही. संग्रहालयांच्या कपाटांत अझेलियांचे नमुने भरपूर होते, पण एका जातीला तीन-तीन नावं आणि एका नावाखाली तीन-तीन जाती, असा गोंधळ होता. शिवाय या जाती एकमेकींशी सहज संकरित होतात. तेव्हा झाड जिवंत असताना, फुललेलं असताना, त्याच्या जागेवर जाऊन पाहणं याला पर्यायच नव्हता. आणि प्रत्येक जातीचा बहर एखाद-दोन आठवड्यांचा. फ्लोरिडाची पिवळी अझेलिया मार्चमध्ये फुलते, आपल्याकडची पिंक्स्टर एप्रिल-मेमध्ये, अ‍ॅपलाचियन डोंगरांतली केशरी ज्वाला अझेलिया मे-जूनमध्ये. पण नुसतं वसंताबरोबर उत्तरेकडे सरकत राहूनही भागत नाही, कारण जॉर्जिया-अलाबामाच्या सीमेवर चॅटाहूची नदीच्या घळींत लाल फुलांची एक जात आहे, प्रुनिफोलियम नावाची, ती जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात फुलते. म्हणजे परत दक्षिणेकडे यायचं. बहराच्या पावलांवर पाऊल ठेवून चालणं म्हणजे काय, ते मला या नकाशाकडे पाहताना कळलं.

तो ठिकठिकाणी थांबला, फांद्या घेतल्या, त्या दाबून वाळवल्या, आणि वाळल्यावर जे नष्ट होणार होतं ते, म्हणजे रंग, गंध, उंची, माती, सोबतची झाडं, वहीत उतरवून ठेवलं. असे हजारो नमुने जमले. त्या प्रवासाचा वृत्तांत 1955 मध्ये मॉरिस अर्बोरेटमच्या नियतकालिकात छापून आला. अमेरिकेत अझेलियांवर काम करणारा माणूस आजही त्याच्या नोंदींपाशी येतोच.

त्यातलं एक ठिकाण मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून जरा थांबते. टेनेसी आणि उत्तर कॅरोलायना यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी पर्वतात ग्रेगरी बाल्ड नावाचा माथा आहे, सुमारे 4,950 फूट उंच. वर झाडं नाहीत, गवताळ पठार आहे. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यावर गेल्यासारखं वाटतं, फक्त खडक कमी. चढ दमवणारा आहे, येऊन-जाऊन सगळा दिवस जातो. जूनच्या उत्तरार्धात त्या पठाराच्या कडेनं अझेलिया फुलतात, आणि दोन झुडपं एका रंगाची सापडत नाहीत. पांढरं, त्याशेजारी फिकट पिवळं, मग मोसंबीच्या सालीसारखं, मग शेंदरी, मग गुलाबीत पिवळा ठिपका. पांढऱ्या सुगंधी जाती आणि लाल-केशरी जाती तिथे पिढ्यान्पिढ्या एकमेकींत मिसळल्या आहेत. माणसानं तिथे एकही परागकण इकडून तिकडे नेलेला नाही. मी त्या गवतात बसून डबा खाल्ला आणि माझ्या यजमानांना म्हटलं, एवढी वर्षं आपण सुट्टीत कुठे कुठे गेलो, आणि इथे का नाही आलो?

ज्वाला अझेलियाचं नाव तसं जुनं आहे. अठराव्या शतकात विल्यम बार्ट्रम नावाच्या निसर्गशोधकानं या डोंगरांत फिरताना तिला 'फायरी' म्हटलं. गर्द सावलीतून एकदम ती समोर आली की डोंगराला वणवा लागला असं वाटून माणूस दचकतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे पळस फुलला की असंच म्हणतात. या ज्वालेचा परागवाहक कोण, हे उत्तर कॅरोलायनातल्या संशोधकांनी अलीकडे शोधलं. मोठी पिवळी स्वॉलोटेल फुलपाखरं मध प्यायला बसतात आणि त्यांचे फडफडणारे पंख त्या लांब पुंकेसरांना लागतात. पराग पायांवरून किंवा सोंडेवरून जात नाही, पंखांवरून जातो. त्या गुलबक्षीसारख्या नळीतून पुंकेसर एवढे बाहेर का येतात, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

आता आपल्या सहलीबद्दल.

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी आपण वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्बोरेटममध्ये जातो. माउंट हॅमिल्टनच्या उतारावरचे अझेलिया बघतो, कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या, जुन्या खांबांपाशी ग्रुप फोटो काढतो, सतरंजी पसरून पुलाव-कोशिंबीर खातो आणि परततो. ती टेकडी सुंदर आहे, त्याबद्दल दुमत नाही. तिची कथाही मोलाची आहे. तिथले बहुतेक अझेलिया बेंजामिन मॉरिसन या माणसानं मेरीलँडच्याच ग्लेन डेल इथल्या सरकारी रोपकेंद्रात तयार केले. दक्षिणेतल्या अझेलियांसारखं मोठं, भडक फूल वॉशिंग्टनच्या थंडीत टिकावं म्हणून त्यानं वर्षानुवर्षं संकर केले आणि 454 वाणांना नावं दिली. 2010 च्या अखेरीस पैशांअभावी या उतारावरची झुडपं काढून टाकायचं ठरलं होतं. लोकांनी विरोध केला, देणगी उभी राहिली, आणि 2011 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आपण फोटो काढतो ती झुडपं तशी वाचलेली आहेत.

पण त्या झुडपांचे पूर्वज जपानचे आणि चीनचे. आपल्या घरांपुढे बिल्डर रांगेनं लावून देतो त्या सदाहरित अझेलियाही त्याच वंशाच्या. नर्सरीत 'इंडिका' लिहिलेली अझेलिया मिळते आणि आपल्यापैकी कितीतरी जण ती भारतातली समजून प्रेमानं आणतात. मीही आणली होती. तिचा भारताशी संबंध नाही, ते वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसच्या काळापासून चालत आलेलं चुकीचं नाव आहे. जपानी झुडपाविषयी माझ्या मनात काहीच वावगं नाही. सांगायचं आहे ते इतकंच, की अझेलिया म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तेवढंच येतं, आणि इथल्या मातीतल्या सतरा-एक जाती आपल्याला अनोळखी राहतात. त्यातली एक पश्चिम किनाऱ्यावर आहे, बाकी सगळ्या पूर्वेकडे. त्या सगळ्या पानगळीच्या आहेत, म्हणून नोव्हेंबर ते मार्च नुसत्या काटक्या दिसतात. नर्सरीत गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळून पाहत नाही ते त्यामुळेच.

मॉरिसननंतर 1952 मध्ये याच अर्बोरेटमचा संचालक कोण झाला? हेन्री स्किनर. पंचवीस हजार मैलांची धूळ अंगावरून झटकून तो इथे आला आणि सुमारे वीस वर्षं राहिला. त्याच्याच काळात, 1959 मध्ये, तिथे फर्न व्हॅली सुरू झाली, फक्त अमेरिकेतल्या स्थानिक झाडांसाठी राखलेला ओढ्याकाठचा भाग. अझेलियाच्या टेकडीवरून ती फार लांब नाही. आपण दरवर्षी टेकडी चढतो आणि तिथे जायचं राहून जातं. गेल्या वर्षी आमच्याकडे मेलेल्या त्या झुडपाची जात, पिंक्स्टर, त्याच दिवसांत तिथे फुललेली असते.

स्किनरच्या हाताचा आणखी एक ठसा तुम्ही सगळे रोज वापरता. रोप घेताना आपण चिठ्ठीवर 'झोन 7' आहे का ते बघतो ना? कोणतं झाड किती थंडी सोसेल हे दाखवणारा कृषी खात्याचा पहिला नकाशा 1960 मध्ये त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. हिवाळ्यातलं सरासरी किमान तापमान घेऊन दहा-दहा अंश फॅरेनहाइटचे पट्टे पाडले, आणि तेव्हापासून सगळा देश त्या आकड्यांत बोलतो. मोगरा ऑक्टोबरमध्ये घरात घ्यायचा आणि कर्दळीचे कंद काढून तळघरात ठेवायचे हे आपण त्या आकड्यावरून ठरवतो.

आणि ज्यांच्या दारात क्रेप मर्टल आहे त्यांच्यासाठी: त्याच्याच कारकिर्दीत डोनाल्ड एगॉल्फ हा संशोधक अर्बोरेटममध्ये आला. चीनचं क्रेप मर्टल इथल्या दमट उन्हाळ्यात भुरी रोगानं पांढरं पडायचं. जपानच्या याकुशिमा बेटावरच्या एका भावकीतल्या जातीशी संकर करून एगॉल्फनं भुरीला दाद न देणारे वाण काढले आणि त्यांना इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची नावं दिली. आपल्या रस्त्यांवर पांढरा फुललेला दालचिनी रंगाच्या खोडाचा 'नॅचेझ' हा त्यांतलाच. या प्रजातीचं नाव लॅजरस्ट्रोमिया. आपलं ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यफूल, याच प्रजातीतलं सख्खं भावंड. जुलैमध्ये त्या चुणीदार पाकळ्या जवळून बघा, मेमधला कोकण आठवेल.

म्हणजे शोभेची झाडं घडवणं हेही या संस्थेचं काम होतं आणि रानातली झाडं जशी आहेत तशी ओळखणं हेही. स्किनरच्या कारकिर्दीत ही दोन्ही कामं एकाच छपराखाली चालली. मला त्यातलं दुसरं काम अधिक आवडतं, हे कबूल करते. नवं फूल तयार करणाऱ्याला त्याचं नाव ठेवता येतं. आधीपासून असलेल्या फुलाकडे नुसतं नीट बघायला उन्हातान्हात हिंडणाऱ्याला वहीतल्या नोंदीपलीकडे काही मिळत नाही. आणि ते बघणं अजून संपलेलं नाही. दक्षिण कॅरोलायनातली ईस्टमन यांच्या नावाची पांढरी अझेलिया 1999 मध्ये नवी जात म्हणून नोंदली गेली, अलाबामा-जॉर्जियातली कोलमन यांची 2008 मध्ये. चारशे वर्षं गजबजलेल्या या प्रदेशात माणसापेक्षा उंच, सुगंधी फुलांची झुडपं इतकी वर्षं ओळखीशिवाय उभी होती.

आता माझं मागणं.

रानातून एकही झुडूप उपटू नका. राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांत तो गुन्हा आहेच, पण इतरत्रही करू नका. अझेलियाची मुळं केसांसारखी बारीक असतात, जमिनीच्या वरच्या थरात लांबवर पसरतात, आणि त्यांच्यात राहणाऱ्या बुरशीच्या आधारानंच अन्न घेतात. कुदळीनं हातभर गड्डा काढला तर त्यातलं फारच थोडं बरोबर येतं. फुलावर असताना काढलं तर झाड वाचण्याची आशाच नको. मला हे पुस्तकात वाचून पटलं नसतं, माझ्या वाफ्यात पटलं.

विकत घ्या, आणि घेताना विचारा की हे नर्सरीत वाढवलेलं आहे का. पानगळीच्या अझेलियाची फांदी लावून रोप करणं चिवट काम आहे. वसंतातली कोवळी फांदीच मुळं धरते, आणि हिवाळ्याआधी तिला नवा फुटवा आला नाही तर पुढच्या वर्षी ती उठत नाही. बियांपासून केलं तर फुलायला काही वर्षं लागतात. म्हणून ही रोपं महाग असतात. फारच स्वस्त आणि फारच मोठी 'नेटिव्ह' अझेलिया दिसली तर ती कुठून आली हे नक्की विचारा.

लावताना तीन गोष्टी सांभाळा. माती आम्लधर्मी हवी, त्यामुळे चुना नको आणि राखही नको. होळीची, होमाची राख आपण हौसेनं झाडांना घालतो, ती इथे विष होते. घराच्या काँक्रीटच्या पायाला चिकटून लावू नका, त्यातून चुना झिरपतो. खोल पुरू नका. गड्डा जमिनीपेक्षा बोटभर वरच राहू द्या आणि त्यावर पाइनच्या सालीचा किंवा ओकच्या पानांचा थर घाला. छाटायचं असेल तर फुलं गळल्याबरोबर, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. ऑगस्टमध्ये कात्री लावली तर पुढचा वसंत गेला. हरणं पालवी खातात, पहिली दोन-तीन वर्षं जाळी लागेल.

एक धोक्याची सूचना सगळ्यांत महत्त्वाची. उत्तराखंडला जाऊन आलेल्यांनी बुरांशचं सरबत प्यायलेलं असतं आणि तोही ऱ्होडोडेंड्रॉनच, हे खरं. पण म्हणून अझेलियाचं फूल तोंडात घालायचं नाही. पानांत, फुलांत आणि मधात विष असतं. अमेरिकेच्या दक्षिणेत काही लोक रानटी अझेलियाला हनीसकल, म्हणजे गोड रसाच्या फुलांची वेल, म्हणतात, त्यामुळे मुलं फुलाचा दांडा चोखायला जातात. नैवेद्याच्या ताटाभोवती ही फुलं मांडू नका. कुत्रं असेल तर त्याच्या वाटेपासून लांब लावा.

कोणती लावावी? आपल्या परिसरात पिंक्स्टर, आणि ओल टिकत असेल तिथे स्वॅम्प अझेलिया. ती जून-जुलैमध्ये फुलते, पांढरी, लवंगेच्या वासाची, नळीवरचे चिकट केस बोटाला लागतात. डेकजवळ लावली की रात्री जेवताना वास येतो, आणि मोगरा न बहरलेल्या वर्षीही संध्याकाळ रिकामी जात नाही. 1680 च्या दशकात हीच जात जहाजातून लंडनच्या बिशपच्या बागेत पोचली होती. पुढे बेल्जियममधल्या घेंट शहरात मॉर्टियर नावाच्या एका पाववाल्यानं अमेरिकी जातींचे संकर करून नवे वाण काढले आणि अमेरिकेतले श्रीमंत तेच वाण युरोपातून मागवू लागले. घरामागच्या रानात उभी असलेली झाडं समुद्रापार जाऊन परत आल्यावर त्यांना किंमत आली. आपल्यालाही हे अनुभवानं ठाऊक आहे.

कार्यकारिणीकडे वेगळं मागणं आहे. येत्या देवाणघेवाणीत रानातून उपटलेली रोपं स्वीकारू नयेत, आणि प्रत्येक कुंडीला पट्टी असावी: नाव, कुठून आणलं, कधी. कढीपत्त्यालासुद्धा. स्किनरच्या नमुन्यांना आज मोल आहे ते त्यांच्यावरच्या चिठ्ठीमुळे. जागा न लिहिलेला नमुना म्हणजे नुसती वाळकी काडी. आपल्या मुलांना हे काम आवडेल. त्यांच्या शाळेत बियांचे प्रयोग होतात, पण घरच्या बागेतल्या पट्टीवर मराठी नाव आणि शास्त्रीय नाव शेजारी शेजारी लिहिण्याची संधी त्यांना आपल्याशिवाय कोण देणार?

आणि सहलीच्या वेळापत्रकात एक तास वाढवा. खांबांपाशी फोटो काढून झाले की जेवणाआधी फर्न व्हॅली. पायवाट सोडायची नाही आणि काही तोडायचं नाही, एवढं मुलांना आधी सांगून ठेवू. मी सकाळी दहा वाजता तिथल्या वाटेच्या तोंडाशी थांबेन. ज्यांनी ते झुडूप काळ्या पिशवीतून आणलं होतं त्यांनी जरूर यावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्यांच्या रानात ती झुडपं अजून आहेत. ती कुठे कुठे आहेत याची यादी आपण दोघं मिळून पुढच्या आठवड्यात करू, वही माझ्याकडे आहे.

आपली,
मंडळाची एक सभासद